मंदीचा काळ, सूतकताई आणि ‘फावल्या वेळे’ची मजुरी

प्रस्तावना

आर्थिक अरिष्टाच्या काळात कातणे, विणणे, लोकरकाम यांसारख्या घरगुती हस्तव्यवसायांकडे समाज पुन्हा वळतो, असे इतिहासात वारंवार दिसते. या व्यवसायांना भांडवल थोडे लागते, ते घरातच करता येतात आणि बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतात. मात्र या कामास ‘फावल्या वेळेचे काम’ असे नाव मिळाले की त्याचे मोल कोणत्या कसोटीवर ठरते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 1929 नंतरच्या जागतिक मंदीच्या काळात खादी चळवळीला या प्रश्नाला सामोरे जावे लागले. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

1925 मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. शेतकरी वर्षातून किमान चार महिने रिकामा असतो; त्या काळात चरखा त्याला पूरक उत्पन्न देईल, ही महात्मा गांधींची मूळ भूमिका होती. तीत मजुरी अल्प असणे गृहीतच होते, कारण रिकाम्या वेळेचे मोल शून्य मानल्यास त्यातून मिळणारा प्रत्येक पैसा नफाच ठरतो.

मंदीने हे गृहीतक डळमळीत केले. 1929 नंतरच्या काही वर्षांत शेतमालाच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. विदर्भासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात याची झळ विशेष तीव्र होती, कारण शेतसारा आणि सावकाराचे देणे रोखीतच द्यावे लागे. अशा वेळी चरखा हा पुष्कळ घरांत जोडधंदा न राहता आधार होऊ लागला. पण दिवसभर कातूनही हाती येणारी मजुरी पोट भरण्यास अपुरी पडे. खादी स्वस्त विकली पाहिजे, गिरणीच्या कापडापुढे ती टिकली पाहिजे, या आग्रहाचा भार अखेर कातणाऱ्या स्त्रीवरच पडत होता.

दोन मार्ग

या कोंडीतून सुटण्याचे दोन मार्ग होते. पहिला, उत्पादकता वाढविण्याचा. 1929 मध्येच चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. आठ तासांत 16,000 वार सूत निघावे आणि यंत्राची किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, अशा त्यातील प्रमुख अटी होत्या. हे बक्षीस कोणालाही मिळू शकले नाही.

दुसरा मार्ग मजुरीचा दर वाढविण्याचा होता. 1935 मध्ये गांधींनी स्त्री-पुरुष असा भेद न करता तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांच्या कामास आठ आणे मजुरी असावी, असा विचार मांडला. त्यावर खादी कार्यकर्त्यांतूनच आक्षेप आला. दर वाढला की खादी महाग होईल, खप घटेल आणि ज्या स्त्रियांसाठी हे करावयाचे त्यांचेच काम जाईल, असा तो आक्षेप होता. तो निराधार नव्हता. तरीही ऑक्टोबर 1935 मध्ये चरखा संघाने वर्धा येथे ठराव केला. आठ तासांच्या कार्यक्षम श्रमातून शास्त्रीय प्रमाणानुसार किमान आहार आणि वर्षाला 20 वार कापड मिळू शकेल, इतकी मजुरी असावी, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्ष दर वाढले. पण ते आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले.

याच काळात विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील नालवाडी येथे रोज आठ तास कातून केवळ त्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. दर अपुरा आहे हे हिशेबाने सांगणे वेगळे आणि तो अपुरेपणा स्वतःच्या ताटात अनुभवणे वेगळे. या प्रयोगाचे महत्त्व त्यात आहे.

मूल्यमापन

1935 च्या ठरावाचे ऐतिहासिक महत्त्व प्रत्यक्ष वाढलेल्या आण्यांपेक्षा बदललेल्या कसोटीत आहे. तोवर मजुरी बाजारातील खादीच्या किमतीवरून ठरत होती. ठरावाने ती कातणाऱ्या व्यक्तीच्या गरजेवरून ठरवावी असे मानले. सूतकताई हा ‘वेळ घालविण्याचा’ उद्योग नसून श्रम आहे, ही त्यामागील मान्यता होती.

ही मान्यता सर्वत्र टिकली नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात मिशनरी स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात रुजविलेले क्रोशाच्या लेसचे काम पुढे निर्यातीचा व्यवसाय बनले. मारिया मीस यांच्या 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, या स्त्रिया जागतिक बाजारपेठेसाठी उत्पादन करीत असूनही त्यांना केवळ गृहिणी आणि त्यांच्या कामास फावल्या वेळेचा उद्योग समजले जाई. त्यामुळेच त्यांची मजुरी अत्यल्प ठेवणे शक्य झाले.

समारोप

संकटकाळात हस्तव्यवसायांनी कुटुंबे तगविली, हे सत्य आहे. परंतु ती कोणाच्या श्रमावर आणि कोणत्या दराने तगली, हे तपासल्याविना त्या व्यवसायांचा गौरव अपुरा राहतो. 1935 मध्ये वर्ध्यात हा हिशेब मांडला गेला. तो पूर्ण झाला नाही. मात्र अशा व्यवसायांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे, हे त्याने निश्चित केले.