रोमचा इतिहास कोणाच्या हातून आला? डिओ, झिफिलिनस आणि झोनारस (थ्रेड)

१/ इ.स. १९२. रोमच्या कलोसियममध्ये सम्राट कॉमोडस याने एका शहामृगाचे मुंडके छाटले. ते डाव्या हातात आणि रक्ताळलेली तलवार उजव्या हातात धरून तो सिनेटरांच्या आसनांसमोर आला. बोलला काहीच नाही. दात विचकून त्याने नुसते डोके हलवले. पुढची पाळी तुमची, हा त्याचा अर्थ सर्वांना कळला. सिनेटरांना मात्र भीतीपेक्षा हसू अनावर झाले. हसला असता तो जागीच मारला गेला असता. तेव्हा त्यांच्यातील एकाने डोक्यावरच्या माळेतील लॉरेलची पाने तोडून चघळायला घेतली व शेजाऱ्यांनाही तसेच करायला सुचवले. जबडे हलत राहिले, हसू लपले.

२/ पाने चघळणारा हा सिनेटर म्हणजे इतिहासकार कॅशियस डिओ. मूळचा निकिया नगराचा (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक), दोनदा कॉन्सल झालेला. रोमचा इतिहास त्याने ग्रीक भाषेत ८० खंडांत लिहिला. साधने जमवण्यात दहा वर्षे गेली, लेखनात बारा.

परंतु कॉमोडसविषयीचा त्याचा मूळ खंड आज अस्तित्वात नाही. शहामृगाचा प्रसंग टिकला तो डिओनंतर सुमारे साडेआठशे वर्षांनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या साम्राज्यातील एका ख्रिस्ती संन्याशाने केलेल्या संक्षेपामुळे.

३/ या साम्राज्याला आज ‘बायझंटाइन’ म्हणतात. ही संज्ञा नंतरची. १६व्या शतकातील जर्मन विद्वान हिएरोनिमस वोल्फ याच्या ग्रंथसंपादनापासून ती हळूहळू रुळली. तेथील लोक स्वतःला ‘रोमेओई’, म्हणजे रोमन, म्हणवत. पूर्वेकडचे शेजारी त्यांच्या प्रदेशाला ‘रूम’ म्हणत. पुढे तो प्रदेश तुर्कांकडे गेला तरी नाव टिकले. १५४९ मध्ये अहमदनगरात मुलूखमैदान तोफ ओतणारा मुहम्मद बिन हसन ‘रूमी’ होता, तो याच अर्थाने. रोमचे नाव इतक्या दूर, इतक्या वळणांनी पोहोचले होते.

४/ तेव्हा रोमचा इतिहास ही या लोकांच्या लेखी परक्या, अस्तंगत संस्कृतीची गोष्ट नव्हती. तो त्यांच्याच राज्याचा आरंभ होता. अडचण एकच, पण मोठी होती: पूर्वजांची भाषा त्यांना येत नव्हती. सम्राट जस्टिनियननंतर, म्हणजे सहाव्या शतकानंतर, पूर्वेकडे लॅटिन झपाट्याने मागे पडली. लिव्ही आणि टॅसिटस यांचे ग्रंथ त्यांच्यासाठी जवळजवळ मिटलेलेच राहिले. स्वतःचे पूर्वज त्यांना पॉलिबियस, प्लुटार्क, डिओ अशा ग्रीक लेखकांच्या तोंडून ऐकावे लागले.

५/ अंतर वाढले की गोंधळही वाढतो. सहाव्या शतकातील बखरकार जॉन मलालस हा सिसेरो आणि सॅलस्ट यांना रोमचे थोर ‘कवी’ म्हणतो. एक वक्ता, दुसरा इतिहासकार! मलालसची टिंगल करणे सोपे आहे. पण नंतरच्या लेखकांनी मूळ ग्रंथांकडे किती निष्ठेने परत वळून पाहिले, हे त्याच्याशी तुलना केल्यावरच कळते.

६/ दहाव्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याने एक अचाट प्रकल्प हाती घेतला. इतिहासाचा पसारा वाचकाला आवरेनासा झाला आहे, अशी त्याची तक्रार होती. उपाय म्हणून जुन्या इतिहासग्रंथांतील उतारे काढून ५३ विषयांखाली लावण्याचे काम सुरू झाले: वकिलाती, कटकारस्थाने, सद्गुण व दुर्गुण, सुभाषिते, आणि असेच पुढे. एकाच लढाईची हकीकत चार ठिकाणी विभागली गेली, तर एका भागातून दुसऱ्याकडे निर्देश केले गेले.

७/ या पद्धतीत इतिहासाचा कार्यकारणभाव तुटतो. दूत आला, बोलला, परत गेला. युद्ध का झाले ते दुसऱ्याच संग्रहात, आणि तो संग्रह आज हरवलेला. ५३ पैकी मोजकेच विषय उरले आहेत. तरी त्या मोजक्यांचे ऋण प्रचंड आहे. पॉलिबियसच्या ४० खंडांपैकी पहिले पाचच अखंड उरले. उरलेल्या खंडांचा मोठा भाग या उताऱ्यांतून हाती येतो. ४४९ साली हूणांचा राजा अट्टिला याच्या दरबारी गेलेला प्रिस्कस सांगतो की पाहुण्यांना चांदीची ताटे होती आणि अट्टिला स्वतः लाकडी पेल्यातून पीत होता. हे वर्णनही ‘वकिलाती’ या विषयाखाली आले, म्हणून वाचले.

८/ आणि हे संग्रह तरी किती नाजूक धाग्यावर टिकले! ‘वकिलाती’ची जुनी प्रत स्पेनमधील एस्कोरियल येथे १६७१ च्या आगीत भस्मसात झाली, आधी नकला झाल्या होत्या, एवढेच नशीब. ‘सुभाषितां’चे चर्मपत्र कोणीतरी खरवडून त्यावर दुसराच मजकूर लिहिला होता. व्हॅटिकनमध्ये अँजेलो माई याने त्याखालची पुसट अक्षरे वाचून १८२७ मध्ये प्रसिद्ध केली.

९/ आता तो संन्यासी. जॉन झिफिलिनस हा याच नावाच्या पॅट्रिआर्कचा, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या प्रमुख धर्मगुरूचा, पुतण्या. सम्राट मायकेल सातवा डुकास (१०७१–१०७८) याच्यासाठी त्याने डिओच्या ३६ ते ८० या खंडांचा संक्षेप केला. काळ वाईट होता. मांझिकर्टच्या पराभवानंतर आशिया मायनर हातचे निसटत होते. अशा वेळी सम्राटासमोर जुन्या सम्राटांची चरित्रे ठेवली जात होती.

१०/ झिफिलिनसच्या कामाला ‘सारांश’ म्हणणे तितकेसे बरोबर नाही. ती निवड आहे, आणि बरीच लहरी निवड आहे. सिनेटमधील लांबलचक भाषणे व निवडणुकांचे तपशील तो गाळतो वा आटोपतो. सम्राटांचे स्वभाव, शकुन-अपशकुन, चुरचुरीत उत्तरे मात्र आवडीने ठेवतो. ठेवतो तेव्हा बहुधा डिओचेच शब्द ठेवतो. शहामृगाचे मुंडके म्हणूनच वाचले. डिओने मोजूनमापून मांडलेले राजकारण तितके वाचले नाही. डिओला गावगप्पांची फार आवड होती असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यातला निम्मा तरी दोष निवड करणाऱ्याचा असावा.

११/ ब्रिटनमधील बंडखोर राणी बौडिका हिचे प्रसिद्ध वर्णन घ्या: उंच बांधा, कमरेखाली रुळणारे पिंगट केस, कर्कश आवाज, गळ्यात सोन्याचा जाड अलंकार. तेही डिओचे, आणि आले तेही झिफिलिनसमार्फत. बंडाची दुसरी सविस्तर हकीकत टॅसिटसची आहे. तिची आधारभूत प्रत इटलीतील माँते कासिनो मठात लिहिली गेली, तीही ११व्याच शतकात. एकमेकांचे ग्रंथ न वाचणाऱ्या दोन जगांतील मठवासीयांनी, एकाच शतकात, एकाच राणीची आठवण दोन भाषांत जपली.

१२/ झिफिलिनस मुकाट नक्कल करणारा नव्हता. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या मोहिमेत रोमन सैन्य तहानेने व्याकूळ झाले असता अचानक पाऊस कोसळला. डिओने त्याचे श्रेय अर्नूफिस नावाच्या इजिप्शियन मांत्रिकाला दिले होते. ख्रिस्ती संन्याशाला ते कसे पटावे? डिओ येथे जाणूनबुजून किंवा नकळत खोटे सांगतो, असे तो स्पष्ट लिहितो. सैन्यातील ख्रिस्ती शिपायांच्या प्रार्थनेने पाऊस आला आणि त्यावरूनच त्यांच्या पलटणीला ‘वज्रधारी’ नाव पडले, असा त्याचा दावा.

१३/ दावा चुकीचा आहे; त्या बाराव्या पलटणीचे ते नाव ऑगस्टसच्या काळापासून होते. पण महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या मजकुराशी त्याचा धर्म जुळत नव्हता, तो झिफिलिनसने खोडला नाही. आधी डिओचे म्हणणे, मग स्वतःचे, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ. आज त्याची चूक पकडता येते, ती त्यानेच विरोधी साक्ष जपून ठेवली म्हणून.

१४/ अशी रेघ तो आणखी एकदा ओढतो. ऑगस्टसच्या कारकिर्दीपाशी आल्यावर तो वाचकाला सांगतो की येथून पुढे अधिक तपशील द्यायला हवेत, कारण आपले जीवन आणि आपली राज्यव्यवस्था त्याच काळावर अवलंबून आहे. हे डिओ नव्हे, मायकेल डुकासच्या काळातला झिफिलिनस बोलतो आहे, असेही तो आवर्जून नोंदवतो. हजार वर्षांपूर्वीचा ऑगस्टस त्याच्यासाठी चालू राजवटीचा संस्थापक होता.

१५/ १२व्या शतकातील जॉन झोनारस याची दृष्टी वेगळी. तो शाही रक्षकदलाचा प्रमुख आणि दरबारी सचिवालयाचा मुख्य होता. नंतर सेंट ग्लिकेरिया बेटावरच्या मठात गेला. तेथे त्याने जगाच्या उत्पत्तीपासून इ.स. १११८ पर्यंतचा इतिहास १८ खंडांत लिहिला. डिओचे पहिले २१ खंड आज सलगपणे कळतात ते त्याच्यामुळे.

१६/ सम्राटांच्या राज्यात राहूनही झोनारस राजेशाहीच्या आधीचे रोम, कॉन्सल, ट्रिब्यून, डिक्टेटर ही पदे कशी निर्माण झाली, ते सविस्तर सांगतो. ही केवळ पुराणवस्तूंची हौस नव्हती. ग्रंथाच्या शेवटी सम्राट अलेक्सिओस याच्यावर त्याने ठेवलेला ठपका असा: सार्वजनिक संपत्तीचा हा विश्वस्त राहिला नाही, मालक झाला, नातलगांना त्याने राज्याचे धन गाडे भरभरून वाटले. प्रजासत्ताकाचा इतिहास नुकताच लिहून हातावेगळा केलेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

१७/ आणि मग झोनारस थांबतो. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज व कॉरिंथ पडल्यानंतरचे ग्रंथ खूप शोधूनही मिळाले नाहीत. राजधानीपासून दूर, एका बेटावर राहणाऱ्याला ते मिळणार तरी कसे, असे तो खेदाने लिहितो. झिफिलिनसचा संक्षेप सुरू होतो तो ३६व्या खंडापासून, म्हणजे साधारण इ.स.पू. ६९ पासून. मधले १४ खंड दोघांच्याही हाती लागले नाहीत. ग्रॅकस बंधू, मारियस, सुल्ला: प्रजासत्ताक ज्या काळात पोखरले गेले, नेमका तोच काळ. त्याविषयी डिओचे जे काही उरले आहे, ते बहुतांश कॉन्स्टंटाइनच्या उताऱ्यांत, आणि त्यातही मोठा वाटा ‘सद्गुण व दुर्गुण’ या विषयाचा. म्हणून मारियस कसा स्वभावाचा होता याविषयी डिओचे मत आज वाचता येते. त्याच्या मोहिमांची डिओने लिहिलेली सलग हकीकत वाचता येत नाही.