तिसऱ्या कुठल्या पाण्यातल्या? जाणून घ्या 'अ', 'ब', 'क' वर्गांचा अर्थ

तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे घेताना गिऱ्हाईक दोनच गोष्टी बघतं: शिंपला घट्ट मिटलेला आहे ना, वास तर येत नाही ना. पण ताजं असणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. शिंपल्यातला जीव पाणी गाळून अन्न मिळवतो. पाण्यात सांडपाणी मिसळत असेल, तर त्यातले जंतूही त्याच्या अंगात साठतात आणि हा जीव आपण आतड्यासकट खातो. म्हणून अनेक देशांत आधी पाण्याचा वर्ग ठरतो, मग काढणीला परवानगी मिळते.

सुरुवात कशी झाली?
अमेरिकेत 1924-25 च्या हिवाळ्यात दूषित कालवांमुळे टायफॉइड पसरला. सुमारे 1500 जण आजारी पडले, 150 दगावले. त्यानंतर 1925 मध्ये तिथे पाण्यावर देखरेखीची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

युरोपातील वर्ग
आधी किनाऱ्याची पाहणी होते: गटारं, वस्ती, गुरं, पाऊस, भरती-ओहोटी. मग ठरलेल्या जागांवरून वारंवार नमुने घेऊन शिंपल्याच्या 100 ग्रॅम मांसात आणि आतल्या पाण्यात 'ई. कोलाय' जिवाणू किती, हे मोजतात.

अ वर्ग: 80 टक्के नमुन्यांत 230 पर्यंत, एकाही नमुन्यात 700 च्या वर नाही. माल थेट विकता येतो.

ब वर्ग: 90 टक्के नमुन्यांत 4,600 पर्यंत, बाकीचे 46,000 च्या आत. माल स्वच्छ पाण्याच्या टाकीत शुद्ध करावा लागतो किंवा त्यावर मान्य पद्धतीने उष्णतेची प्रक्रिया करावी लागते.

क वर्ग: 46,000 पर्यंत. माल दीर्घकाळ स्वच्छ पाण्यात हलवून ठेवायचा किंवा उष्णतेची प्रक्रिया करायची.

वर्गाने सगळं कळतं का?
नाही. टाकीत जिवाणू बऱ्यापैकी निघून जातात, नोरोव्हायरससारखे विषाणू मात्र चिकटून राहतात. मोठ्या पावसानंतर सांडपाणी वाढतं, तेव्हा 'अ' वर्गातली काढणीही थांबवावी लागू शकते.

काही सूक्ष्म शैवालांचं विष ही आणखी वेगळी बाब. 1997 मध्ये केरळातील विळिंजम इथे असे शिनाणे खाऊन माणसं दगावली. हे विष शिजवूनही जात नाही, म्हणून त्याची तपासणी स्वतंत्रपणे करतात.

थोडक्यात, चांगलं उकळल्याने जंतू मरतात, विष नाही. म्हणून भावाआधी विचारायचा प्रश्न एकच: माल कुठल्या पाण्यातला?