खवासपूरची रात्र



छत्रपती संभाजीनगरजवळ खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. त्याच्या मोहिमा नि वेढे आपण शिकवतो. आज मात्र त्याच्या एका पडण्याची हकीकत सांगायची आहे.

साल १७००. मोगलांनी त्या वर्षी सातारा घेतला, मग परळीचा किल्ला घेतला, आणि भर पावसात फौज मागे फिरली. १ ऑक्टोबरच्या रात्री छावणी माण नदीकाठी खवासपूरला होती. डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहू लागले. एकच हलकल्लोळ उडाला. बादशहाला वाटले, मराठेच छावणीत शिरले! तो घाईघाईने उठला, धडपडला आणि उजवा गुडघा निखळला. त्याला तेव्हा ८२ वे वर्ष चालू होते.

हकिमांनी उपाय केले, पण सांधा नीट बसला नाही. पुढे पन्हाळा, विशाळगड, सिंहगड अशा मोहिमा झाल्या. पाय काही पूर्ववत झाला नाही. १७०७ साली तेव्हाच्या अहमदनगरला मरेपर्यंत तो लंगडतच राहिला. दरबाऱ्यांनी समजूत घातली, की हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा!

आता पाहा, एवढ्या फौजेच्या धन्याला पाडले कशाने? रात्र, मोडलेली झोप, भीती आणि घाई यांनी. आपल्या घरात तरी दुसरे काय होते? आजोबा रात्री लघवीला उठतात. दिवा लावलेला नसतो. डोळ्यांत मोतीबिंदू, पायात झिजलेली वहाण, मोरीपुढची फरशी ओली. अंथरुणातून एकदम उठले की रक्तदाब उतरून भोवळ येते. उतारवयात हाडे ठिसूळ असतात. खुब्याचे हाड मोडते. मग माणूस अंथरुणाला खिळले, की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून दगावतात. त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा. अपघाती इजांच्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो.

आणि आपण काय म्हणतो? “वय झालं, आता पडायचंच!” दरबाऱ्यांची तैमूरलंगाची गोष्ट आणि आपले हे बोलणे एकाच जातीचे. दोन्हींनी मनाला बरे वाटते, गुडघा काही बसत नाही.

म्हणून एवढे करा. मोरीच्या वाटेवर रात्री लहानसा दिवा ठेवा. फरशी कोरडी ठेवा, भिंतीला धरायला दांडा बसवा. उठताना आधी क्षणभर बसायचे, मग उभे राहायचे, ही सवय लावा. डोळे तपासून घ्या. औषधाने गुंगी येत असेल तर डॉक्टरांना सांगा. रोज थोडे चालणे ठेवा. बसून राहिले तर पायातले बळ जाते.

आणखी एक. एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याचा संभव जास्त असतो. पण आजी ते लपवते. शेतात जाणे बंद होईल, ही तिला धास्ती. तेव्हा रागावू नका, जवळ बसून विचारा, “आजी, कुठं ठेचकाळलीस?”

गुरुजी, उद्या वर्गात खवासपूरची गोष्ट सांगा आणि मुलांना विचारा, आपल्या घरात आजी-आजोबा कुठे अडखळतात? मुले ती जागा बरोबर दाखवतील. त्या रात्री माणचा पूर अडवणे कुणाच्या हाती नव्हते. घरातली ही जागा नीट करणे आपल्या हाती आहे.