पांढरी, काळी आणि सिमेंटचे अंगण

आपल्या वऱ्हाडात पूर्वी गावाचे दोन भाग सांगत असत. एक पांढरी आणि दुसरी काळी. माणसे राहतात ती पांढरी, पीक येते ती काळी. हे शब्द नुसते रंगाचे नव्हेत. घर कुठे बांधावे आणि नांगर कुठे धरावा, याचा कित्येक पिढ्यांचा अनुभव त्यांत साठलेला आहे.

काळी माती पऱ्हाटीला मानवते, ज्वारीला मानवते. घराला मात्र मानवत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन-चार सरी झाल्या की त्याच भेगा मिटून जातात. म्हणजे जमीन दर साल श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. अशा जमिनीवर भिंत उभी केली तर ती कोपऱ्यातून तडकणारच. पांढऱ्या मातीला ही खोड नाही. म्हणून गढ्यांचे बुरूज तिचेच आणि धाब्याच्या घरांवर थापायची मातीही तीच.

आता अंगण पाहा. जुने अंगण काळ्या-पांढऱ्याच्या या भांडणात पडतच नसे. माती चोपायची, शेणाने सारवायची, सडा घालायचा. भेग पडली तर पुढच्या सारवणात बुजून जायची. अंगण रोज थोडेसे मोडत असे आणि रोज थोडेसे दुरुस्त होत असे. मात्र ही दुरुस्ती फुकट होत नव्हती बरं का! पहाटे उठून वाकून वाकून सारवणाऱ्या बाईच्या कमरेतून तिची किंमत वसूल होत होती. तेव्हा आजच्या सुनेने सिमेंटचे अंगण मागितले, तर जुन्या अंगणाचे गोडवे गाऊन तिला गप्प करू नये.

श्रीमंतांच्या वाड्यांतली रीत निराळी. सिंदखेड राजाला लखुजी जाधवरावांचा वाडा आहे, जिथे १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला. अशा वाड्यांचे काम दगड आणि चुना यांचे. बैल जुंपून चुन्याची घाणी फिरवायची, दिवसचे दिवस चुना मळायचा. चुना सावकाश घट्ट होतो आणि जमीन जराशी हलली तर थोडेफार सोसतो. सिमेंटला ही सोशिकता नाही. ते लवकर कडक होते आणि ताण आला की तटकन तुटते.

सिमेंट आपल्याकडे आले ते फार लांबून. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या ओहायो राज्यात बेलफाँटेन नावाच्या लहानशा गावी १८९१ साली काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला पट्टा घातला गेला. हिंदुस्थानात १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले. इकडे आपल्या जिल्ह्यात तोवर कापसाने दळणवळणाचा नकाशा बदलला होता. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे मुंबईची आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत गेली आणि १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला. तो फाटा कापसासाठीच. पावसाळ्यात काळ्या रानात आसापर्यंत रुतणारी गाडी ज्याने ओढून काढली असेल, त्याला खडीची सडक आणि रूळ यांचे मोल कुणी सांगायला नको.

थंड मुलखांत घरोघरी फाटकापासून दारापर्यंत काँक्रीटची वाट असते, मोटार आत घ्यायला. तिथे तिचा वैरी बर्फ. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, वितळते, पुन्हा गोठते, आणि वरचा पापुद्रा सुटू लागतो. खालची ओली माती गोठली की आख्खी लादी वर उचलली जाते. यावर १९३० नंतर अमेरिकेत एक उपाय सापडला. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवायचे, म्हणजे फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते.

आपल्याकडे बुलढाण्याचा घाट कितीही गार म्हटला तरी जमीन काही गोठत नाही. तो उद्योग आपल्याकडे काळी माती करते. वैरी निराळा, पण घाव तोच. लादी खालून उचलली जाते. म्हणून खरे काम लादीच्या खाली आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक कट्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मुरमाड मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालचे फुगणे आवरले जाते. घाटावरच्या तालुक्यांत मुरूम जवळच मिळतो. पायनघाटात तो लांबून आणावा लागतो, आणि नेमकी तिथेच काळी खोल आहे. मग मालक मुरमाचे पैसे वाचवून सिमेंटचे एक पोते वाढवतो. दोन पावसाळ्यांनी अंगणात नकाशा उमटतो आणि दोष गवंड्याच्या माथी!

गावे वाढली, पांढरी पुरेनाशी झाली, नवी घरे काळीत उतरली. म्हणून ही गोष्ट आता घरोघरची झाली आहे. काळी माती निदान दोन फूट काढावी, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकावा. माणसांच्या आणि मोटारसायकलीच्या वावराला ४ इंच जाडी चालेल. भरलेली ट्रॉली येणार असेल तर ६ इंच धरावी. दर १० फुटांवर सांधा ठेवावा, म्हणजे तडा जायचा तो सांध्यात जाईल. उतार घरापासून बाहेर असावा आणि छपराचे पाणी लादीच्या कडेला मुरू देऊ नये.

जुनी लादी फुटली की तिच्यावरच नवी ओतायची, ही चाल फार वाईट. खालची हालचाल तशीच राहते आणि पातळी मात्र चढते. कित्येक गावांत गल्लीचा रस्ता असाच थरावर थर चढत गेला, ओटे बुडाले आणि पावसाचे पाणी उंबऱ्याच्या आत आले. फुटलेले उखडून काढावे. त्याचे तुकडे मुरमाखाली भरावाला कामी येतात.

राहिले पाणी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीचे खारे पाणी सिमेंटमध्ये कालवले तर पुढे लोणा धरतो आणि आत लोखंड असेल तर ते गंजते. पिण्याला चालेल तेच पाणी वापरावे. ओतकाम झाल्यावर कडेने मातीचे बांध घालून, भाजीच्या वाफ्यासारखे पाणी निदान ७ दिवस, जमल्यास १४ दिवस, साचवून ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत हे साधत नाही. ऊन पाणी ठरू देत नाही आणि विहिरीही आटलेल्या असतात. दिवाळीनंतर विहिरींना पाणी असते, ऊन निवलेले असते, आणि कापूस वेचून चार पैसेही हाती आलेले असतात.