प्रसरणशील अवकाशकालातील निर्वात आणि तापमान

क्वांटम सिद्धांतानुसार निर्वात म्हणजे क्षेत्राची किमान ऊर्जेची अवस्था. या अवस्थेतही अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे क्षेत्राच्या मूल्यात चढउतार होत राहतात. सपाट अवकाशकालात एकसमान वेगाने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांचे निर्वाताबाबत एकमत असते. वक्र, प्रसरणशील अवकाशकालात ते मोडते. ‘कण’ कशाला म्हणायचे हे ज्या कालमापनावरून ठरते, तेच सर्वांसाठी एक राहत नाही.

प्रसरणातून कण निर्माण होऊ शकतात, हे एर्विन श्रोडिंगर यांनी १९३९ मध्ये दाखवले. १९६०च्या दशकात लेनर्ड पार्कर यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. पार्कर यांचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा असून त्याकडे फार कमी लक्ष जाते : सर्व दिशांना सारख्याच होणाऱ्या प्रसरणातून फोटॉन निर्माण होत नाहीत. म्हणजे नुसते प्रसरण तापमानाचे कारण ठरत नाही. त्यासाठी क्षितिज लागते.

घातांकी गतीने प्रसरण पावणाऱ्या डी सिटर विश्वात प्रत्येक निरीक्षकाभोवती असे क्षितिज असते. त्यापलीकडचा प्रकाश त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. क्षितिजाच्या दोन्ही बाजूंचे चढउतार परस्परांशी निगडित असतात. पलीकडचे हाती न आल्याने अलीकडचे निरीक्षकाला उष्ण वस्तूच्या प्रारणासारखे भासतात. या प्रारणाचे तापमान प्रसरणदराच्या समप्रमाणात असते, हे गॅरी गिबन्स आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. आजच्या प्रसरणदरानुसार ते काढले, तर दशांशचिन्हानंतर एकोणतीस शून्ये आणि मग ३, इतके केल्विन भरते. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या २.७ केल्विनपुढे ते मोजणे अशक्यच.

विश्वाच्या आरंभीच्या फुगवट्याच्या (इन्फ्लेशन) काळात मात्र हा दर प्रचंड असावा. तेव्हाचे चढउतार ताणले जाऊन दीर्घिकांची बीजे झाली, असे मानले जाते. या बीजांची खूण मानले जाणारे, पार्श्वप्रारणाच्या तापमानातले लाखात एक भाग इतके फरक १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने टिपले.

या विषयातले मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले थानू पद्मनाभन पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत आले. गोलीय सममितीच्या क्षितिजाजवळ आइन्स्टाइनची समीकरणे उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचे रूप घेतात, हे त्यांनी २००२ मध्ये दाखवले; डी सिटर क्षितिजही त्यात आले. यावरून गुरुत्वाकर्षण मूलभूत बल नसून अवकाशकालाच्या सूक्ष्म घटकांचा सामूहिक परिणाम आहे, असे मत त्यांनी २०२१ मधील निधनापर्यंत आग्रहाने मांडले.