महोदय, आपल्या कैदेत असलेला…

२८ मे १९६१, रविवार. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन नावाच्या वकिलाचा लेख छापून आला. त्याचा विषय होता विसरले गेलेले कैदी, आणि सोबत सहा माणसांची छायाचित्रे होती. अँगोलाचा कवी आणि डॉक्टर आगोस्तिन्यो नेतो पोर्तुगालच्या कैदेत होता, तत्त्वज्ञ कॉन्स्टंटिन नोइका रुमानियाच्या. टोनी अंबातिएलोस हा ग्रीसमधला कम्युनिस्ट कामगार पुढारी. ॲश्टन जोन्स हे अमेरिकेतले गोरे पाद्री, काळ्यांच्या हक्कांसाठी पुन्हा पुन्हा तुरुंगात जाणारे. प्रागचे आर्चबिशप बेरान नजरकैदेत होते, आणि हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत आश्रय घेऊन अडकून पडले होते. एकाच पानावर कम्युनिस्टांनी कोंडलेला धर्मगुरू आणि कम्युनिस्ट म्हणून कोंडलेला पुढारी! शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ही यादी मोठी चतुराईने केलेली होती. कोणत्याही एका गोटाच्या वाचकाला ती पूर्णपणे पसंत पडण्यासारखी नव्हती, आणि या लेखातून निघालेल्या ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ची पुढची सारी वाटचाल या न पसंत पडण्यावरच उभी आहे.

संस्थांच्या जन्मकथा बहुधा नंतर घासूनपुसून लख्ख केलेल्या असतात. ॲम्नेस्टीची कथाही तशीच. लिस्बनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात स्वातंत्र्याच्या नावाने पेले उंचावले आणि सालाझारच्या राजवटीने त्यांना तुरुंगात धाडले. ही बातमी बेनेन्सनने १९६० साली लंडनच्या भुयारी रेल्वेत वाचली. संतापाच्या भरात पोर्तुगालच्या वकिलातीवर जाऊन धडकण्याऐवजी तो सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमध्ये जाऊन बसला आणि तिथे त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. नंतरच्या अभ्यासकांनी जुने अंक चाळले, पण सांगितली जाते तशी बातमी काही हाती लागली नाही. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. सालाझारच्या तुरुंगात माणसे होती, आणि त्यांतली कित्येक बोलल्याबद्दलच होती, हे खरे होते. गोव्याच्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले होते, ते सत्याग्रहाच्या भाषणांपायीच.

बेनेन्सनला हा नाद शाळेपासूनचा. ईटनमध्ये शिकताना स्पेनच्या यादवीतल्या पोरक्या मुलांसाठी त्याने मदत उभी केली. नाझींच्या तावडीतून दोन ज्यू तरुणांना इंग्लंडात आणायला पैसे हवे होते, तेही सोबत्यांच्या घरच्यांकडून जमवले. फ्रँकोच्या तुरुंगात फाशीच्या छायेत दिवस काढलेल्या आर्थर कोस्लरच्या पुस्तकाने तो हलून गेला होता. कोस्लर सुटला तो ब्रिटनमधून झालेल्या ओरडीमुळे आणि अखेर कैद्यांच्या अदलाबदलीत. पुढे वकील झाल्यावर बेनेन्सन स्पेनमध्ये कामगार पुढाऱ्यांच्या खटल्यांना निरीक्षक म्हणून जाऊन बसला. मजूर पक्षातर्फे निवडणुका लढवल्या आणि हरला. लिहिणे, बोलणे, ओळखी काढणे, माणसे जमवणे यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हिशेब ठेवणे आणि कोणाचे ऐकून घेणे मात्र त्याच्या स्वभावात नव्हते, हे पुढे दिसलेच.

मोहीम एका वर्षापुरती होती: ‘अपील फॉर ॲम्नेस्टी, १९६१’. कचेरी म्हणजे बेनेन्सनचेच मायटर कोर्टमधले वकिली दालन. क्वेकर पंथाचा एरिक बेकर आणि वकील लुई ब्लॉम-कूपर हे जोडीदार. लेख इतर देशांतल्या वर्तमानपत्रांनी उचलला, टपालाचे ढीग पडू लागले. जुलैमध्ये लक्झेंबर्गला काही देशांचे लोक जमले आणि वर्षापुरते काम कायमचे करायचे ठरले. १९६२ साली आजचे नाव आले. त्या सुमारास गट निघालेल्या किंवा निघू घातलेल्या देशांत भारत आणि सिलोनही होते.

खरी कल्पकता होती ती कामाच्या पद्धतीत. गावातल्या, कॉलेजातल्या, चर्चमधल्या दहाबारा माणसांनी एक गट करायचा आणि तीन कैदी ‘दत्तक’ घ्यायचे. एक पश्चिमेकडच्या देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक तिसऱ्या जगातला. आवडीचा निवडायची सोय नाही, लंडनहून नावे येणार. आपल्या स्वतःच्या देशातल्या कैद्यासाठी काम करायचे नाही. मग पत्रे लिहायची: तुरुंगाधिकाऱ्याला, न्यायमंत्र्याला, राष्ट्राध्यक्षाला, राजदूताला. कैद्याच्या घरच्यांनाही लिहायचे, जमेल तशी पैशांची मदत करायची.

या पत्रांचा मायना पाहण्यासारखा असतो. सुरुवात ‘महोदय’ किंवा ज्या पदवीचा तो अधिकारी असेल त्या पदवीने. शिवीगाळ नाही, धमकी नाही, त्याच्या सरकारच्या धोरणावर व्याख्यान नाही. आपल्या कैदेत असलेल्या अमुक माणसाच्या प्रकृतीविषयी मला काळजी वाटते, त्याच्यावर कोणता आरोप आहे ते कळावे, खटला खुल्या न्यायालयात चालावा, अन्यथा त्यास सोडावे, कळावे, आपला विश्वासू. खाली स्वतःचे नाव आणि पत्ता. चळवळीतल्या माणसांना हा सूर मिळमिळीत वाटतो. हुकूमशहाच्या हस्तकाला ‘महोदय’ कशाला म्हणायचे? पण पत्र ज्याच्या टेबलावर पडते त्याला वाचायला भाग पाडणे हा पत्राचा हेतू आहे, लिहिणाऱ्याचे मन मोकळे होणे हा नव्हे. शिवी वाचून अधिकारी निर्धास्त होतो, कारण शत्रू ओळखता येतो. नम्र विचारणा वाचून तो फाइल मागवतो, आणि फाइल मागवली गेली की कैदी त्या दिवसापुरता तरी निनावी राहत नाही.

याचे सर्वात बोलके उदाहरण १९७५च्या सुमाराचे, डोमिनिकन प्रजासत्ताकातले. कामगार पुढारी हुलिओ दे पेन्या वाल्देस याला भुयारी कोठडीत नागवे डांबले होते. त्याने नंतर सांगितलेली हकीकत अशी: पहिली दोनशे पत्रे आली तेव्हा पहारेकऱ्यांनी कपडे परत दिले. पुढची दोनशे आली तेव्हा तुरुंगाधिकारी भेटायला आले. पत्रे येतच राहिली, तशी राष्ट्राध्यक्षांनी त्याला सोडायला सांगितले, आणि सुटल्यावर विचारणा केली की एका कामगार पुढाऱ्याला जगभर एवढे मित्र कुठून? त्याआधी, १९७३ साली ब्राझीलमध्ये लुईझ बाझिलिओ रोसी या प्राध्यापकाला पकडले, तेव्हा संस्थेने पहिली ‘तातडीची हाक’ दिली. छळ होतो तो अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत. तीन महिन्यांनी पोचलेले सभ्य पत्र तिथे निरुपयोगी. म्हणून तारा आणि एअरमेल, ताबडतोब. पत्रांचा ढिगारा पाहून पोलीस अधिकारी रोसीच्या बायकोला म्हणाला, तुझा नवरा आम्हाला वाटला त्याहून मोठा माणूस दिसतो. तो मोठा नव्हता. पत्रांनी त्याला मोठा केले, आणि रोसी वाचला.

सगळी पत्रे अशी फळली असे समजायचे कारण नाही. बहुतेकांना उत्तरच येत नसे, आणि कैदी सुटला तरी तो पत्रांमुळे सुटला की राजवट बदलल्यामुळे, हे छातीठोकपणे सांगणे अवघड. नोइका १९६४ साली सुटला तो रुमानियातल्या सरसकट माफीत.

संस्थेचा खरा कस लागला तो एका व्याख्येवर. ‘प्रिझनर ऑफ कॉन्शन्स’ म्हणजे मतापायी, धर्मापायी, वंशापायी कोंडलेला, आणि ज्याने हिंसा केली नाही वा तिचा पुरस्कार केला नाही असा माणूस. नेल्सन मंडेलांना १९६२ साली पकडले तेव्हा ते या व्याख्येत बसत होते. परवान्याविना देशाबाहेर जाणे आणि संपाची चिथावणी हे त्यांच्यावरचे आरोप. १९६४च्या रिव्होनिया खटल्यात त्यांनी घातपाताची योजना केल्याचे न्यायालयात स्वतःच मान्य केले. संस्थेत मोठा वाद झाला, सदस्यांचे मत घेतले गेले, आणि बहुमत नियमाच्या बाजूने पडले. मंडेला यादीतून वगळले गेले. खटला आणि तुरुंगातली वागणूक यांवर संस्था बोलत राहिली, पण जगातला सर्वात प्रसिद्ध राजकीय कैदी तिच्या लेखी ‘प्रिझनर ऑफ कॉन्शन्स’ नव्हता. २००६ साली त्यांना संस्थेचा सर्वोच्च सन्मान दिला गेला, तरी तो निर्णय आजही अनेकांना खुपतो.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. मोहन रानडे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या सशस्त्र हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे मात्र तिकडेच. ॲम्नेस्टीच्या व्याख्येत हातात शस्त्र घेतलेला हा माणूस बसला नसता. त्यांच्यासाठी धडपडले ते सुधीर फडके. संगीतकार म्हणून घराघरांत पोचलेल्या या माणसाने विमोचन समिती काढून हा प्रश्न लावून धरला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ साली पोप पॉल सहावे यांना भेटले, तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराईंचे आभार मानायचे राहूनच गेले, कारण ३ फेब्रुवारीला ते वारले. फडक्यांची समिती आपल्या माणसासाठी होती, ॲम्नेस्टीचा गट परक्यासाठी. आपल्या माणसाच्या हातातले शस्त्र आपण समजून घेतो. परक्याच्या हातातले समजून घ्यायला कोणता नियम करणार? मंडेलांना वगळण्याचा निर्णय मला आवडत नाही, पण त्यावर तोडगा मला तरी दिसत नाही. नियम सैल केला असता तर पुढच्या प्रत्येक पत्रावर अधिकाऱ्याने एवढेच उत्तर धाडले असते की तुम्ही बंदूकवाल्यांचे वकील आहात.

बाहेरच्या सरकारांपेक्षा मोठा तडाखा आतून बसला. १९६६ साली एडनमध्ये ब्रिटिश सैन्य कैद्यांचा छळ करते असा अहवाल तयार झाला. तो दडपला जातो आहे आणि संस्थेत ब्रिटिश हेरखात्याची माणसे शिरली आहेत, असा बेनेन्सनचा समज झाला. त्याच सुमारास बाहेर आले की ऱ्होडेशियातल्या कैद्यांच्या मदतीसाठी गुपचूप ब्रिटिश सरकारचाच पैसा वापरला गेला होता, आणि बेनेन्सनला ते माहीत होते. कोणाही सरकारकडून कैद्यासाठी पैसा घ्यायचा नाही अशी बढाई मारणाऱ्या संस्थेची यात शोभाच झाली. मार्च १९६७ मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला बैठक झाली. बेनेन्सन तिथे आलाच नाही, त्याने राजीनामा दिला होता. घडी बसवण्याचे काम एरिक बेकरकडे आले, आणि १९६८ पासून मार्टिन एनल्स सरचिटणीस झाले. संस्था वाचली ती संस्थापकाच्या तेजामुळे नव्हे. त्याने घालून दिलेली कामाची रीत त्याच्याविना चालण्याइतकी साधी होती, म्हणून वाचली. बेनेन्सन काही वर्षांनी पुन्हा जवळ आला. सरदारकी देऊ केली की तो म्हणे पंतप्रधानांना ब्रिटनमधल्या मानवी हक्कभंगांची यादी उलट टपाली पाठवी. २००५ साली तो वारला.

एनल्स यांच्या बारा वर्षांत पत्रलेखकांच्या गटांमागे संशोधकांची फळी उभी राहिली. १९७२ च्या अखेरीस छळविरोधी मोहीम सुरू झाली, आणि १९८४ साली संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी करार स्वीकारला त्यामागे या दबावाचा वाटा होता. १९७७ साली शांततेचे नोबेल मिळाले. ऑस्लोत संस्थेतर्फे भाषण केले ते तुर्कस्तानचे मुमताझ सोयसाल यांनी. संविधानावरच्या आपल्या पाठ्यपुस्तकापायी १९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर तुरुंगात गेलेले हे प्राध्यापक, ज्यांच्यासाठी कधी पत्रे लिहिली गेली त्यांपैकी एक.

त्याच साली दुसरे टोकही दिसले. पहिल्या लेखातल्या छायाचित्रांपैकी नेतो १९६२ साली पोर्तुगालमधून निसटला आणि १९७५ मध्ये स्वतंत्र अँगोलाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. मे १९७७ मधल्या उठावानंतर त्याच्या राजवटीत हजारो माणसे मारली गेली, कित्येकांना खटल्याविना डांबले गेले.

भारताच्या वाट्याला ही पत्रे आलीच. पश्चिम बंगालच्या तुरुंगांतल्या स्थितीवर संस्थेने १९७४ साली अहवाल काढला, नक्षलवादी म्हणून खटल्याविना खितपत पडलेल्यांचा. सरकार रागावले. वर्षभरात आणीबाणी आली, लाखावर माणसे आत गेली, आणि मग परदेशातून येणाऱ्या विचारणा आपल्यातल्या कित्येकांना अचानक योग्य वाटू लागल्या. बंगालच्या वेळी तसे वाटले नव्हते. नंतरच्या काळात बेंगळुरूला कचेरी थाटून संस्थेने भारतात नव्याने बस्तान मांडले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये बँक खाती गोठवल्यावर काम थांबवले. सरकारचे म्हणणे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग, संस्थेचे म्हणणे सूडबुद्धी.

व्याख्येचा काटा अजून निघालेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियातला विरोधी नेता अलेक्सी नवाल्नी याच्या जुन्या, स्थलांतरितांविषयीच्या विखारी वक्तव्यांवरून त्याचा ‘प्रिझनर ऑफ कॉन्शन्स’ हा दर्जा काढून घेतला गेला. क्रेमलिनला आयते कोलीत मिळाले. मे महिन्यात संस्थेने माफी मागून दर्जा परत दिला आणि जुन्या वक्तव्यांवरून असा दर्जा यापुढे काढून घ्यायचा नाही असे ठरवले. मंडेलांच्या वेळी मत सदस्यांचे घेतले होते, नवाल्नीच्या वेळी निर्णय कचेरीत झाला. संस्था मोठी झाल्याचे हेच लक्षण, आणि मला ते चांगले वाटत नाही.

पत्रे मात्र अजून लिहिली जातात. २००१ साली पोलंडमध्ये काही तरुणांनी चोवीस तास बसून पत्रे लिहिण्याचा घाट घातला, आणि आता दरवर्षी डिसेंबरच्या आसपास तो जगभर चालतो. सह्या संगणकावर घेतल्या जातात, ई-मेल जातात, तरी कागदाचा आग्रह सुटलेला नाही. ई-मेल कारकून एका बोटाने पुसू शकतो. टपालाची पोती कोणाला तरी उचलून आत आणावी लागतात, आणि ती कोणासाठी आली हे तोवर तुरुंगाच्या फाटकापासून साहेबाच्या खोलीपर्यंत सगळ्यांना कळलेले असते.