आधी रकाना, मग माणूस

संगणकात माहिती भरण्यापूर्वी तक्ता आखावा लागतो. रकाने किती, कोणत्यात फक्त अंक चालतील, कोणत्यात तारीख, कोणत्यात ठरलेल्या यादीतलेच नाव, हे लिहून दिल्यावरच पहिली नोंद आत जाते. प्रोग्रॅमर या आखणीला स्कीमा म्हणतात. माझी उमेदवारीची वर्षे असले तक्ते आखण्यात गेली आणि ते काम मला कारकुनी वाटे. त्यात माणसांचे काय काय ठरून जाते, हे कळले ते शिरगणतीचा इतिहास चाळताना.

अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची मोजदाद सात-आठ वर्षे रेंगाळली होती. म्हणून १८९० साली हर्मन हॉलरिथ यांची छिद्रांची कार्डे वापरात आली. माणशी एक कार्ड, आणि कार्डावरच्या प्रत्येक जागेचा अर्थ आधीच ठरलेला. तिथे छिद्र असले की यंत्राची सुई आरपार जाऊन पाऱ्याला टेके, वीज वाहे आणि त्या जागेचा काटा एकाने पुढे सरके. ज्या गोष्टीला कार्डावर जागाच नाही, ती यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. वर्णाच्या प्रश्नाला त्या वर्षी आठ उत्तरे होती. गोरा, काळा, चिनी, जपानी, तिथला मूळ रहिवासी ‘इंडियन’, आणि काळ्या-गोऱ्या मिश्रणाच्या तीन पायऱ्या : मुलॅटो, क्वाड्रून, ऑक्टोरून. ऑक्टोरून म्हणजे एक-अष्टमांश काळे रक्त. दारात उभ्या प्रगणकाने ते कसे ओळखायचे, देव जाणे! १९०० साली या तिन्ही पायऱ्या गळाल्या. १९१० साली मुलॅटो तेवढा परतला. माणसे तीच होती. पुढे १९२१ ची वॉशिंग्टनमधली आग आणि नंतरची सरकारी विल्हेवाट यांत १८९० ची जवळजवळ सारी मूळ पत्रके गेली. त्या आठ रकान्यांच्या बेरजा मात्र छापील अहवालांत टिकून आहेत.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमाती वगळता जातवार मोजणी थांबली. २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना निघाली तेव्हा जातींची यादी आधी ठरवलेली नव्हती. घरचे सांगतील ते टिपायचे. कुणी पोटजात सांगितली, कुणी गोत्र, कुणी आडनाव. त्यात शुद्धलेखनाची भर. ‘सुतार’, ‘सूतार’ आणि ‘पांचाळ सुतार’ आपल्याला एका आळीतले वाटतील, यंत्राला ते तीन निराळे समाज. नावे निघाली ४६ लाखांवर.

याची झळ महाराष्ट्राला बसली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी प्रत्यक्ष आकडेवारीची अट घातली. राज्याने केंद्राकडे २०११ ची माहिती मागितली. केंद्राचे प्रतिज्ञापत्र मी पुनःपुन्हा वाचले आहे ते एका तुलनेसाठी : महाराष्ट्राच्या सरकारी याद्यांत ४९४ जाती, गणनेत ४,२८,६७७, आणि त्यांतल्या सुमारे ९९ टक्के जातींची लोकसंख्या शंभराच्या आत. माहिती वापरण्याजोगी नाही, असे केंद्राने सांगितले. डिसेंबरमध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली.

यात राजकारण नव्हतेच, असे मी म्हणणार नाही. पण तक्ता आखणारा म्हणून मला त्या मोकळ्या रकान्याचाच जास्त राग येतो. यादी करणे म्हणजे वाद ओढवून घेणे. तो टाळला गेला आणि दहा वर्षांनी न्यायालयात उभा राहिला. तरी एक कबूल करायला हवे : लोकांनी उच्चारलेली नावे अजून कुठेतरी आहेत. ऑक्टोरून ठरवलेल्या माणसाने स्वतःला काय म्हटले असते, ते आता कळायचे नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले. मी आखणारा असतो, तर तीन रकाने ठेवले असते. एकात माणसाचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात यादीतला क्रमांक, आणि तिसऱ्यात तो क्रमांक कोणी, केव्हा लावला.